दोन सूत उतार

न्हाणीचा उंबरा चार बोटं उंच होता.
घर बांधताना मीच म्हटलं होतं, उंच ठेवा,
पाणी बाहेर यायला नको.
एकोणतीस वर्षं पाणी आलं नाही.
सिंधू आली,
हातात ओल्या लुगड्याचा पिळा, पाय अडकलेला,
आणि खुबा मोडला.

अकोल्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"काका, वॉक-इन म्हणतात याले. सरळ चालत जायचं."
म्हटलं, तेवढंच पायजे बाप्पा आमाले.
त्याने काचेचं दार दाखवलं.
आमच्याकडचं पाणी खारं,
महिनाभरात काचेला मोतीबिंदू.
काच नको.
मग फरशा. एकेक जमिनीवर ठेवायला लावली,
चपला काढल्या, बाटलीतलं पाणी ओतलं,
आणि वर उभा राहिलो.
गिऱ्हाईकं बघत होती. बघू देत.
दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर बत्तीस वर्षं एसटी हाकली,
चाक कुठे घसरतं ते मला बुडाखालून कळतं.
चौथी फरशी घेतली, करडी,
ज्वारीच्या भरडीसारखी खरखरीत.
भिंतीचा दांडा पूर्ण वजन टाकून ओढला
तर अख्खा फळा हलला.
"काका, तो दाखवायचा हाय!"

रज्जाक मिस्त्रीने उंबरा एका दुपारात फोडला.
द्वारकाबाई कुंपणावरून म्हणाली,
"उंबरा काढता, मंग लक्ष्मी कुठून येईन?"
सिंधू खाटेवरूनच,
"न्हाणीत कोन्ती लक्ष्मी येते व?
साबण आला तरी लय झालं."

मी रज्जाकला विचारलं,
उंबरा नाही तर पाण्याला कसं समजणार
कुठं थांबायचं ते?
"उतार सांगते त्याले," तो म्हणाला,
"फुटाले दोन सूत."

पहिली बादली ओतली.
पाणी क्षणभर थबकलं,
मग निवांत घरात निघालं,
खाटेखालून, गव्हाच्या कोठीपर्यंत.
रज्जाक काही बोलला नाही.
कानामागची बिडी काढली, परत ठेवली.
सकाळी येऊन नऊ फरशा उखडल्या.
त्या दिवसाची मजुरी मी दिली,
संध्याकाळी ती चहाच्या बशीखाली सापडली.

दुसऱ्यांदा त्याने बादली मागितलीच नाही.
खिशातून एक गोटी काढली, निळी,
कोणत्या पोराची कोण जाणे.
या कोपऱ्यातून सोडली, त्या कोपऱ्यातून सोडली,
दारातून सोडली.
दर वेळी जाळीवर जाऊन टक्.
त्या टक्‌ला सिंधू खाटेवर हसली,
चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने.

वॉकर सरळ आत गेला.
मी मात्र दारात पाय उचलला,
नसलेल्या चार बोटांवरून.
ती स्टुलावर बसली, दांडा धरून.
लग्नाला एक्केचाळीस वर्षं,
आणि तिच्या पाठीवर, डाव्या बाजूला,
तीळ आहे हे मला आत्ता कळलं.
कॉक फिरवला.
ती खांदे आक्रसून बसली, वर बघितलं,
म्हणाली,
"कोन टाकून रायलं पानी, समजतच नाई.
तांब्या आना."
तांब्या आणला.
एवढे पैसे घालून शेवटी मी तांब्याने पाणी घालत होतो,
आणि ती सांगत होती,
"मानेवर. अजून. आता पुरे."

तिसऱ्या महिन्यात तिलाच सवय झाली.
तोवर शॉवरची भोकं खाराने बुजली.
आता दर पंधरा दिवसांनी मी तो काढून देतो.
ती उन्हात खुर्चीवर बसते,
गोधडीची सुई, मांडीवर ती स्टीलची चकती,
एकेक भोक उघडत.
मी मध्ये काही विचारलं की
हात वर करून थांबवते.
मोजणं चुकतं म्हणे.
बहात्तर आहेत.
काल म्हणाली, एक्काहत्तरच भरले.
एक सापडत नाही.