बोस्टन कूलर

नाव बोस्टनचं, पण जन्म डेट्रॉइटचा,
असं इथे लोक शपथेवर सांगतात.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
आल्याचा सोडा, व्हॅनिला आइस्क्रीम,
मिक्सरचा एकच फेरा,
जास्त फिरवलं की फेस मरतो.

एकोणीस उन्हाळे मी हेच केलं
लिव्हरनॉय रस्त्यावर, डोक्याला कागदी टोपी.
पाळी सुटली की पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यातली माणसं
काउंटरला कोपरं टेकून उभी राहायची.
त्यातलाच एक लूशस.
दोन मागवायचा. एक स्वतः प्यायचा.
दुसऱ्याचं काय करायचं
हे त्याला तीन आठवडे सुचलं नाही.
शेवटी म्हणाला, "तू सुटतेस किती वाजता?"

यंदा मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी
कागद आमच्याकडे वळवला.
आकड्याभोवती निळं वर्तुळ.
परतीच्या वाटेवर लूशस एवढंच बोलला,
"म्हणजे उन्हाळा रद्द."

बघू, मी म्हटलं.

पहिलं आइस्क्रीम विटेसारखं निघालं, चमचा वाकला.
दुसऱ्यात एरिथ्रिटॉल. फ्रीजरमध्ये त्याची वाळू झाली,
दाताखाली कचकच,
मागून खोकल्याच्या गोळीसारखा गारवा.
तिसऱ्यात स्टीव्हियाला हात सढळ पडला
आणि ती चव दुपारभर जिभेवरून हलेना,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी.
लूशस प्रत्येक पेला संपवायचा.
म्हणायचा, "छान आहे."
चाळीस वर्षं ऐकतेय ते "छान".
त्यात पाणी किती, मला कळतं.

जुलैत गाडीत रुमाल शोधताना
पुढच्या कप्प्यात एक स्ट्रॉ सापडली,
लाल पट्ट्यांची, आत वाळलेला दुधाचा थेंब.
तसल्या पट्ट्या आमच्या भागात एकाच दुकानाच्या.
भांडायला शब्द होते, चांगले धार लावलेले.
पण डोळ्यांसमोर आलं:
काचा वर करून, इंजिन चालू ठेवून,
माणूस असा पेला एकटा पितो.
दुसरा मागवत नाही.

स्ट्रॉ मी पर्समध्ये टाकली.

त्या रात्री पुन्हा शेगडीशी.
घट्ट मलई, चार अंड्यांचे बलक,
मंद आच, चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ
टिकेल इतपतच.
पेटवेबाईंची सून पोस्टाने मागवते ते ॲल्युलोज,
व्हॅनिलाची अख्खी शेंग, मिठाची कणी,
आणि दगड होऊ नये म्हणून चमचाभर व्होडका
(चर्चमधल्या बायकांना सांगायचं नाही).
सोड्यासाठी आलं स्वतः किसून उकळलं,
इतकं तिखट की चष्म्याआड पाणी आलं.
काउंटरमागे उभं राहून एक कधीच कळलं नव्हतं:
लोक गोडासाठी यायचे नाहीत.
नाकात चढते ना ती झिणझिणी, तिच्यासाठी यायचे,
साखर आपली त्यांच्यामागून
फुकट आत शिरायची.

शनिवारी पोर्चवर चौऱ्याण्णव फॅरनहाइट.
समोरच्या हिरवळीवर पाण्याचं चक्र आपलं फिरतंय.
दोन पेले ठेवले.
त्याच्या पेल्यात ती स्ट्रॉ, धुऊन.

त्याने स्ट्रॉकडे पाहिलं.
मग रस्त्याकडे, बराच वेळ,
जणू तिकडून कुणी यायचं होतं.
फेस काठावरून उतरला, रेलिंगवर आला,
हात काही पुढे होईना.
"फेस मरतोय," मी म्हटलं.

प्यायला. ठसका लागला. पुन्हा प्यायला.
"छान" म्हणाला नाही.
म्हणाला, "आलं जास्त झालंय,"
आणि तळाशी ती स्ट्रॉ घर्र घर्र वाजेपर्यंत
थांबला नाही.
मिशीचा फेस मनगटाने पुसत
माझ्या पेल्याकडे बघितलं:
"हा कुणासाठी मागवलाय?"