दुपारचा पेपर

गेडाम म्हणाला, एका वेळी एकच पायरी, भाऊ.
व्होल्टेज मिठासारखं, चिमटीनं.
मी वहीत लिहीत गेलो: सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
रॅमचा वेग वेगळ्या पानावर.

पहाटे चारला टेस्ट संपली. एकही चूक नाही.
अख्ख्या महालात जागा मी एकटा, राजा.

मग मे महिन्यातली दुपार आली.
कूलरची टाकी कोरडी, खसाची ताटी कडक,
प्रोसेसर शहाण्णववर
आणि स्क्रीन निळी.

गेडाम फोनवर हसला:
नागपुरात रात्रीचं पास पास नसते, भाऊ.

एक पायरी उतरलो.
व्होल्टेजची चिमूटही थोडी झटकली.
टाकीत दोन बादल्या ओतल्या, जाळीवरची धूळ पुसली.
ह्या खेपेला पहाटेला काही विचारलं नाही.
वहीत लिहिलं:
उद्या, दोन वाजता.