कृष्णामाईच्या नावे

आमच्या रजिस्टरात माणसं खुर्च्यांवरून ओळखू येतात.
तीनशे लाल, सिंहासनं दोन, सोफा एक:
मुलगी एकुलती.
दीडशे लोखंडी, घडीच्या, त्याही उधारीवर:
उमेदवार पडणार.
चाळीस पांढऱ्या, सकाळी सातला, घासाघीस न करता:
तिथं अप्पांचं पेन थांबायचं.
घेऊन जावा, म्हणायचे, पैशाचं नंतर बघू.

मी मोजायला शिकले ती पाठींवरून.
दहा-दहाची चळत, चळतीवर हात,
हाताखाली ऑइलपेंटचं खरखरीत ‘सु. म.’
सुकुमार मगदूम, गावभाग, सांगली.
बाबू पेंटरला ‘म’चा गोल काही जमला नाही,
सातशे पाठींवर सातशे तऱ्हेचे म.

लोखंडीला चिमटा असतो, बोट लक्षात ठेवते ती.
प्लास्टिकचं उन्हाशी वाकडं;
चार उन्हाळे, की मागचा पाय फाकतो,
बसणारा आधी हसतो, मग पडतो.
सिंहासनाच्या मखमलीखाली
काथ्या आणि बेदाण्याच्या खोक्याची फळी,
हे नवरदेवाला सांगायचं नसतं.
पाट भाड्यानं देत नाही आम्ही.
आईचा नियम:
जेवणाऱ्याच्या खालून काही मोजून घ्यायचं नाही.

आणि अप्पा स्वतः बसायचे
उपड्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर.

त्या ऑगस्टात पाणी दारानं नाही आलं,
मागच्या मोरीतून आलं, ओळखीच्या चोरासारखं.
आयर्विन पुलावर लोक फूट मोजत होते,
आम्ही गोदामाच्या माळ्यावर,
खाली बॅटरी मारून बघत.
आधी चळतीच्या चळती तरंगल्या,
मग सुटल्या,
मग शटर फुगलं, फाटलं,
आणि एकेक निघाली पाठ वर करून,
पुढच्या रांगेत जागा धरायची असल्यासारखी.
लोखंडी तेवढ्या तळाला राहिल्या.
बघ, अप्पा म्हणाले, जड माणसं सोडून जात नाहीत.

चिखल खरवडायच्या आधी
त्यांनी रजिस्टरचं कोरं पान काढलं.
गिऱ्हाईक: कृष्णामाई.
पत्ता: माहीत आहे.
खुर्च्या: चारशे बारा.
अनामत: नाही.
परत:
एवढं लिहून शाई वाळू दिली.

हरिपुरातून नऊ आल्या, चिंचेत अडकलेल्या.
अंकलीच्या पुलाखालून दोन;
एकीवर साप बसला होता म्हणे,
तो उठेपर्यंत पोरं थांबली.
म्हैसाळच्या बंधाऱ्याला तेवीस.
ऐन थंडीत उगारवरून फोन,
कानडी वळणाची मराठी:
सू मा म्हंजे तुम्हीच का हो?

हजामतीचं दुकान. शिवलिंग हडपद.
मोडक्या पायाला सायकलची ट्यूब आवळून
त्यानं आमची खुर्ची आरशापुढं मांडलेली.
अप्पा तिच्यावर बसले.
दाढी करून घेतली, मान मोडून घेतली.
मग हे पैसे द्यायला लागले, तो घेईना;
तो खुर्ची द्यायला लागला, हे घेईनात.
टेम्पो रिकामा आणला. डिझेल आमचं.

रात्री रकान्यात लिहिलं: उगार, एक, परत.
बराच वेळ बघत राहिले.
मग ‘परत’वर काट मारून लिहिलं:
बसली.

ते पान अजून मिटलेलं नाही.
मी एकदा विचारलं, भाडं किती दिवसांचं लावू?
अप्पांनी नदीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.
गेली सत्तर वर्षं तिनं आपल्याला काही लावलंय का?

परवा गाळ काढताना एक पाठ निघाली.
नुसती पाठ. बसायची जागा नाही, पाय नाहीत.
पोरानं पोत्यात घालून आणली,
मी पेन उघडून बसले: ही काय म्हणून धरू,
अर्धी, की शून्य?
अप्पांनी अंगठ्यानं चिखल पुसला,
अक्षर दिसलं, वाकडं.
बाबूला जाऊन दोन वर्षं झाली.
अजून, अप्पा म्हणाले,
अजून गोल येईना बघ त्याला.