आधी आय बाहेर

डुलुथ, जानेवारी. बँकेच्या पाटीवर उणे नऊ.
खाली गोदीत लोहखनिजाची बोट बर्फात रुतलेली.
गुरुवारी रात्रीच्या वर्गात सात जण,
बुटांखाली मिठाचं पाणी.

व्हर्ना लिंडक्विस्ट, वय अठ्ठावन्न,
तीस वर्षं गोदीवर क्रेन चालवलेली,
फळ्याशी येते, आणि उणे चार, उणे नऊ
दोघांना एकाच छपराखाली ढकलते:
छत्तिसाचं मूळ. अधिक सहा.
खडू ठेवते. काम फत्ते.

नाही, मी म्हणते.
ज्याचं उणेपण त्यानं आपल्या छपराखालून
आधी बाहेर काढायचं. दोन आय. तीन आय.
मग गुणायचं.
सहा, आणि आय गुणिले आय म्हणजे उणे एक.
उणे सहा.

ती बघत राहते.
"मी आणि डेलनं नेमकं हेच केलं.
त्याचं एक उणं, माझं एक,
म्हटलं, एका छपराखाली आलो की होईल अधिक.
बावीस वर्षं, बाई."
मागच्या बाकावर कुणीतरी खोकतं.

"आणि भागलं तर?"
उणे छत्तिसाचं मूळ, भागिले उणे चाराचं:
वर सहा आय, खाली दोन आय.
आयला आय कटला. उरले तीन.
साधे, हातात धरता येणारे तीन.
"कुत्रा, केटली, बर्फाचं फावडं," व्हर्ना बोटांवर मोजते,
"बरोबर आहे तुमचं."

वर्ग हसतो. मीही हसते, पण माझं हसू वेगळं,
तिला सांगता न येण्याजोगं.
आमच्या आटपाडीकडं आईला आय म्हणतात.
अकरा वर्षं मी या गोठल्या गावात बजावत आलेय,
आय विसरू नका, आधी आय बाहेर काढा.
आमची आय मात्र चुलीपुढून उठलीच नाही कधी.
तू पड बाहेर, म्हणाली,
माझं बघू मग.
ते मग राहिलं.
पुस्तकात आयला काल्पनिक म्हणतात.

साडेनऊला पार्किंगमध्ये माझी गाडी मेलेली.
व्हर्ना ट्रकमधून केबल काढते.
लाल लालला. काळा चिमटा मी
माझ्या बॅटरीच्या उण्याकडे नेते,
तर ती मनगट धरते. हातमोजा डिझेलनं वासलेला.
"उण्याला उणं नको, बाई. ठिणगी उडते.
तो तिथं, नुसत्या लोखंडाला लावा."