दिवसाला अडीच हजार

दिवसाला अडीच हजार, जेवण त्यांचं.
एस्टोनियाची बावीस मुलं, दोन प्राध्यापक,
आणि पुढच्या सीटवर मी,
माईकमध्ये फुंकर मारत, मागे ऐकू येतंय ना?

प्रत्येकाच्या मांडीवर छापील वेळापत्रक.
नऊ चाळीस, काजू. अकरा तीस, जहाजं.
एक वाजता जेवण. मग इतिहास.
इतिहासाला त्यांनी दीड तास दिला होता.

उसगावच्या फाट्याला बस वळली
आणि काचा बंद असूनही मोहोर आत शिरला.
कुणी अत्तर लावलंय? मार्टेननं विचारलं.
काजू, म्हटलं.
आमच्याकडचा काजू डब्यातून येतो, तो म्हणाला,
त्याला मिठाचा वास असतो.

प्रियोळकर शेठनी चोवीस हार मोजून आणले होते.
मला उरला नाही ते बरंच झालं,
झेंडूनं शिंका येतात.
पडद्यावर एक रेघ वर वर चढत गेली.
अर्धा कच्चा माल आफ्रिकेतून येतो
हे शेठ हळू आवाजात बोलले,
मीही हळू आवाजात भाषांतर केलं.

मग निवडणीची खोली.
पांढऱ्या टोप्या घातलेल्या चाळीस बायका,
आणि डोळ्यांची वाट न पाहणारे हात:
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस,
पाकळी, तुकडा, डागी.
लीस नावाची मुलगी वही घेऊन थांबली
शेवंती माजिकपाशी.
शेवंतीची नखं टरफलाच्या तेलानं कायमची काळी,
भट्टीवर काढलेल्या वर्षांची.
लीसनं विचारलं,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?

मी विचारलं. शेवंतीनं मान वर केली नाही.
"पांच वर्सांनी? बाये,
आदीं पांच तरी वाजूं दी."

शेजारच्या दोघी टोपीत हसल्या.
सगळी वही माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, त्या म्हणतात,
कंपनीसोबत वाढायचंय, नवं शिकायचंय,
मुलांना चांगलं शिक्षण द्यायचंय.
लीसनं सगळं लिहून घेतलं,
शिक्षणाखाली रेघ मारली.

यार्डात एक अर्धवट होडी उभी होती,
फासळ्या उघड्या, आत गंजाचं पाणी.
पूर्वी इथे खनिजाच्या बार्जी बनायच्या,
डोमिंगो फोरमन म्हणाला,
आता वर नाचायला मजला असलेल्या बोटी बनवतो.
हे मी जसंच्या तसं सांगितलं.
जेवताना सोलकढीला दोघांनी स्ट्रॉबेरीचं दूध समजून
मोठा घोट घेतला. फोटो आहेत.

जुन्या गोव्यात ऊन असं की दगडसुद्धा सावली शोधेल.
मी सालं सांगत होते, राजे सांगत होते,
माझा आवाज मला
दुसऱ्या कुणाच्या पगारावर असल्यासारखा वाटला.
प्राध्यापकबाई म्हणाल्या, चर्चं आमच्याकडेही आहेत,
नदी दाखवा.

म्हणून दिवाडीची फेरीबोट.
वेळापत्रकात नव्हती.
पाच मोटारसायकली, मासळीची रिकामी टोपली,
आणि कठड्याला टेकून बावीस सोनेरी डोकी.
लीस माझ्याजवळ आली.
ती बाई, म्हणाली, फार थोडं बोलली.
तू फार जास्त बोललीस.
का?

इंजिनाचा आवाज होता,
मला ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं.
मी सांगितलं. जसंच्या तसं.
पाच वर्षं, आणि पाच.

ती हसेल असं वाटलं होतं.
तिनं वही उघडली, ते पान शोधलं,
खोडलं नाही. कोपऱ्यात काहीतरी छोटं लिहिलं,
त्यांच्या भाषेत,
मला वाचता येत नाही त्या भाषेत.

मग मनगटाकडे पाहिलं.
सहा वाजायला आले होते.
शेवंतीची बस एव्हाना गेली असणार,
खिडकीशी ती बसली असेल किंवा उभी असेल,
हाताला तेलाचा वास.

"वाजले पाच?" लीसनं विचारलं.
कधीच, म्हटलं.
फेरी धक्क्याला लागली.
लोखंडी फळी खाली पडली
आणि सगळ्यांच्या आधी मोटारसायकली उतरल्या.