जाहिरात: नेमावर परगणा

पत्रक मीच लिहिलं, इंदुरात, जंगल कचेरीत:
'ओसाड जमीन. काळी, कसदार. पाच साल सारा माफ.
साग सरकारचा; बाकी झाड घेणाऱ्याचं.'
ओसाड लिहिताना टाक जरासा अडला.
दौतीत बुडवला, चालला.

साखळी धरायला बाटू कासदेकर होता.
खुंट्यांच्या जागा तोच दाखवी, साप कुठे तेही.
तेराव्या खुंटीला म्हणाला,
दोन हात सरकवा, रावसाहेब, इथं आई आहे.
मोहाखाली सागाची फळी उभी. वर चंद्र, सूर्य,
खाली घोडा, आणि घोड्यावर ती.
जन्मात घोड्यावर बसली नव्हती म्हणे.

खुंटी सरकवली. तेवढं केलं.

खानदेशातून उखा गुजर आला, धोतराच्या सोग्यात रुपये.
सौदा झाला. पावती फाडली.
जाता जाता त्यानं विचारलं,
त्या फळीचं काय? ती माझी का?

मी नियम वाचून दाखवला.

आता ती वखारीत आहे, भिंतीला टेकून,
हातोडीचा सरकारी छाप नेमका घोड्याच्या पोटावर.
लिलावात कुणी बोली लावत नाही: लांबी कमी.
पावसाळ्यात चौकीदार तिच्यावर छत्री अडकवतो.