शून्याची चावी

अमळनेर-चोपडा रस्त्यावर, जिनिंगच्या फाटकाशी
काट्याची केबिन. खिडकीला कापसाचं तूस,
माझ्या कीबोर्डच्या फटींतही तेच;
बॅकस्पेस दाबली की थोडं उडतं.

बाहेर लाल आकडे, रस्त्याकडे तोंड करून.
ट्रॅक्टरवाल्याला, टपरीवरच्या रोहिदासला,
एसटीच्या खिडकीतल्या बाईला,
कुणालाही वाचता येतात. ते पब्लिक.
शून्य मात्र आत.
शून्य म्हणजे रिकाम्या काट्याचं स्वतःबद्दलचं मत.
त्याच्यापुढे मी लिहिलं : प्रायव्हेट.

मधला एक शब्द असतो, प्रोटेक्टेड.
मागच्या आवारात सरकीचा छोटा काटा बसवला,
तो मोठ्याचा वारस. लोडसेल उन्हात किती ताणतो,
थंडीत किती आखडतो, हे वारसाला न सांगता कळतं;
शेजारच्या बिलाच्या प्रोग्रॅमला नाही.
आमच्याकडे आजाराचं नाव भाऊबंदांत फिरतं
आणि गल्लीत फक्त, "बरं नाही."

बडगुजरशेठ मागे येऊन उभे राहिले, कानाला मफलर.
"पोरी, काटा कोन्हा शे?"
तुमचाच.
"मंग शून्य माले बी नही का?"
रागाने नव्हे, खरंच न कळून;
तिजोरी विकत घ्यावी आणि चावी
कारागिराने गिळून टाकावी, तसं तोंड.

मलाही नाही, मी म्हटलं.
काल रात्री दोनला, घाईत, मीच
दुसऱ्या फाइलमधून शून्याला हात घालायला गेले.
कंपायलरने साफ अडवलं.
मी लिहिणारी, पण त्याच्याकडे ओळखपाळख चालत नाही.
लपवलेलं काही नाही, शेठ. कोड उघडा आहे,
हिलालनानांना ओळ न् ओळ वाचून दाखवलाय.
दिसतं सगळं. हात पोचत नाही, एवढंच.
एक बटण ठेवलंय, कुणीही दाबावं.
ते आधी विचारतं : काटा रिकामा आहे?

काट्यावर गाडी होती, नऊ टन चाळीस किलो.
शेठने बटण दाबलं.
आकडा हलला नाही.
पुन्हा दाबलं, जरा जोरात,
जसं जोराने काही बदलतं.
हिलालनाना हसले की सुपारी फिरवली, सांगता येत नाही.
"आते समजनं," शेठ म्हणाले,
आणि मफलर सोडून पुन्हा बांधली.

तेवढ्यात आईचा फोन :
कुठे आहेस, जेवलीस का,
धुळ्याच्या त्या स्थळाला काय सांगू?
तिन्ही उत्तरं माझ्याकडे होती.
दोन दिली.

कुलूप लावताना साडेनऊ. एक कुत्रं
काट्यावरून तिरकं चाललं, मध्येच थांबलं,
अंग झटकलं.
अख्ख्या रस्त्याला दिसलं : २०.
त्याने मान वर करून पाहिलंही नाही.
ते उतरलं, आणि शून्य,
कुणी हात न लावता,
आपल्या जागी.